पेटीतले तुरे

“बघ त्याच्याकडे. समोर काय वाढलंय ते तरी बघतोय का? उद्या ताटात खेटर ठेवलं, तरी हा काट्यानं गुंडाळून खाईल.”

आर्जिया हे सुनेला म्हणाली, पण लेकाला ऐकू जाईल अशा बेतानं. लेक, लोरिस, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसला होता. सत्तावन्न वर्षांचा बाप्या, दाढी चार दिवसांची, काटा हातात धरलेला. ताटातल्या ताल्यातेल्ले, मैद्याच्या लांब पट्ट्या, आर्जियानं सकाळी स्वतः लाटून कापल्या होत्या. गुरुवारी ताल्यातेल्ले, हा त्या घरचा नियम. चौऱ्याऐंशी वर्षांच्या मनगटांनी लाटलेल्या त्या पट्ट्या आता गार होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या.

“आई, राहू द्या ना,” सून म्हणाली. तिचं नाव मिर्ना. गावातल्या वृद्धाश्रमात ती कामाला होती, आणि तिथला थकलेला मऊ आवाज कधीकधी तसाच घरी घेऊन यायची.

“राहूच दिलंय. एप्रिलपासून राहूच दिलंय. बोलत नाही, त्याचं मला काही नाही. ह्याचा बाप तरी कुठे बोलायचा? लग्नात पाद्र्यासमोर ‘हो’ म्हणाला आणि दमला, तो वर्षभर गप्प. पण तो बघायचा. बैलासारखा का होईना, माणसाच्या तोंडाकडे बघायचा. हा बघतच नाही.”

“हं,” लोरिस म्हणाला.

तो उठला, ताट तसंच टाकून अंगण ओलांडून वखारीत गेला. थोड्या वेळानं तिथल्या पंख्यांची घरघर सुरू झाली.

“झालं,” आर्जिया म्हणाली. “बसला हवा खात.”

वखार रिकामी होती. एप्रिलपासून तिथं वाळवायला काही नव्हतं. मांडवासारख्या ताणलेल्या तारा छतापासून छातीपर्यंत रांगेनं मोकळ्या होत्या. लोरिस रोज जेवण झाल्यावर तिथं जायचा, चारही पंखे लावायचा आणि लाकडी खुर्चीवर बसायचा. वाळत मात्र काहीच नसायचं.

*

फेरारा शहराच्या खालच्या त्या सपाट मुलखात भांग म्हटली की जुन्या माणसांना नशा आठवत नाही. त्यांना आठवतात दोरखंड, गोणपाटं, चादरी. पुरुषभर उंच वाढणारं ते झाड कापायचं, भारे बांधायचे, डबक्यात दगडाखाली बुडवून आठवडाभर कुजवायचं आणि मग त्याची साल सोलून दोरासाठी वाक काढायचा. आर्जिया बारा वर्षांची असल्यापासून त्या डबक्याच्या काठावर उभी राहिली होती. पुरुष पाण्यातून ओले भारे वर द्यायचे, बायका-पोरी ते ओढून घ्यायच्या. वास असा, की आंघोळीनं जात नसे. रविवारी चर्चमध्ये भांगवाल्यांच्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे. दुपारपर्यंत बोटं बधिर व्हायची. मग काही टोचलं, कापलं तरी कळायचं नाही. रक्त दिसल्यावर कळायचं.

शाळा तिसरीत सुटली. सही मात्र ती शिकली, आणि हट्टानं शिकली. माल जमा करताना तिच्या आईनं कागदावर फुली मारली, तेव्हा कारकून बाजूच्या माणसाला म्हणाला होता, “घ्या, अजून एक क्रूस.” दोघं हसले. आर्जिया तेव्हा तेरा वर्षांची. त्या हिवाळ्यात तिनं चुलीच्या राखेत बोटानं आपलं नाव गिरवलं. पुढच्या वर्षी आईच्या जागी तिनं सही केली, आणि कारकुनाकडे अशी बघत राहिली की त्यालाच पुस्तक मिटावं लागलं. त्यानंतर त्या घरातला एकही कागद तिच्या सहीवाचून पुढे गेला नाही. लग्नाचा, जमिनीचा, नवऱ्याला, आदेल्मोला पुरल्याचा.

मग नायलॉन आलं, भांग गेली, डबक्यांत बेडूक झाले. घरानं बीट लावलं. पुढे साखर कारखाना बंद पडला, तसं बीटही गेलं. आणि आठ-नऊ वर्षांपूर्वी लोरिसनं जेवताना सांगितलं, की तो भांग लावणार.

“ज्या झाडानं तुझ्या आजीची कंबर मोडली, ते?” आर्जिया म्हणाली.

“तेच. पण काड्यांसाठी नाही, तुऱ्यांसाठी. नशा न येणारी जात आहे. कायद्यानं चालते. तुऱ्यांतून सीबीडी काढतात, त्याचं तेल होतं. सांधेदुखीला, झोपेला लोक घेतात. तुरे वाळवून चहासारखेही विकतात.”

“तुरे विकणार?” आर्जिया इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. “अरे, तुरे आम्ही काठावर फेकून द्यायचो. कोंबड्या तोंड लावत नसत. आणि काड्यांचं काय करशील?”

“नांगरून टाकीन.”

हे मात्र तिला पाप वाटलं. पण लोरिसचं बरं चाललं. शहरात हिरव्या पाटीच्या दुकानाशी त्यानं जोडून घेतलं. तिथं तेलाच्या इवल्याशा बाटल्या, मलमं, तुऱ्यांच्या पुड्या मिळायच्या. आर्जियाची पत्त्यांतली मैत्रीण झेलिंदा गुडघ्यांसाठी जिभेखाली थेंब सोडायची आणि शपथेवर सांगायची की जिना उतरताना आता देव आठवत नाही. लोरिस सगळं नियमानं करायचा. प्रमाणित बियाण्याच्या पिशव्यांच्या चिठ्ठ्या एक वर्ष जपून ठेवा, असा नियम होता. लोरिसनं पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या जपल्या होत्या. वखारीच्या भिंतीवर वर्षावार खिळे ठोकून त्या लावलेल्या होत्या, देवळातल्या नवसाच्या वस्तूंसारख्या.

एप्रिलात वटहुकूम निघाला. लोरिसनं तो फोनवरून टेबलाशी वाचून दाखवला. काडी चालेल, बी चालेल. तुरा चालणार नाही, नशेचा असो वा नसो. तुऱ्याचं तेलही नाही. उद्यापासून.

“म्हणजे झाडाचे पाय कायद्यात आणि डोकं कायद्याबाहेर,” आर्जिया म्हणाली. “माणसाचं असं ऐकलंय मी. झाडाचं पहिल्यांदाच.”

कोणी हसलं नाही. पलीकडच्या गावांतल्या दोघा-तिघांनी माल लपवला, काहींनी वकील गाठले, संघटना कोर्टात गेल्या. लोरिसनं ठाण्यावर फोन केला. म्हणाला, “माझ्याकडे एक्केचाळीस किलो आहे. येऊन घेऊन जा.” ते आले, पोती मोजून नेली, आणि लोरिसनं स्वयंपाकघरातल्या ह्याच टेबलावर कागदावर सही केली, की शेतात, वखारीत, घरात, कुठेही आता काही शिल्लक नाही. आर्जिया तेव्हा तिथंच पाठमोरी उभी राहून कॉफी ओतत होती. शब्द न् शब्द तिनं ऐकला होता.

त्या दिवसापासून लोरिस कुणाकडे बघेनासा झाला.

*

जूनमधला मंगळवार. आर्जिया वाटाणे सोलत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान तिनं रोजच्यासारखं पहाटे पाचला फाडलं होतं. मिर्ना कामावर गेलेली. दारात फौजदार कातालानो उभा राहिला, टोपी काखेत, मागे दोन शिपाई आणि एक काळी कुत्री.

“काकू, नुसती पाहणी आहे. तीन-चार गावांत चाललीय. कागदाला कागद लावायचा आणि निघायचं.”

“पाय पुसा,” आर्जिया म्हणाली. “कुत्रीचे पण.”

कातालानो दक्षिणेकडचा, कालाब्रियाचा. सहा वर्षं इथं होता, आणि धुक्याला अजून शिव्या घालायचा. त्यानं खरोखरच वाकून कुत्रीचे पंजे पायपुसण्यावर घासले. वखारीत कुत्री वेडीपिशी होऊन गोल गोल फिरली, पण तिथं भिंतींनाच वास होता. शिपायांनी खांदे उडवले. मग लोरिसनं घराचं दार उघडून दिलं, आणि कुत्री तडक जिना चढून आर्जियाच्या खोलीत गेली, आणि भिंतीलगतच्या अक्रोडी पेटीसमोर जाऊन बसली. शाळेतल्या गुणी पोरीसारखी.

“तिथे माझं लग्नाचं सामान आहे,” मागून जिना चढून आलेली आर्जिया म्हणाली. “तुमच्या बाईसाहेबांना सांगा, रुखवत बघायचं असेल तर नीट विचारावं.”

“काकू, उघडावी लागेल.”

“उघडते की. त्यात काय चोरीचं आहे?”

तिनं स्वतः झाकण उचललं. आत चादरी. पिवळसर पांढऱ्या, जाड, पाटासारख्या सपाट घड्या घातलेल्या. बारा होत्या, एक आदेल्मोबरोबर गेली. उरल्या अकरा.

“माझ्या आईनं विणल्यात. आमच्याच भांगेच्या. हात लावा. लावा हो, हातमोजा काढून लावा.”

फौजदारानं हातमोजा काढला आणि वरच्या चादरीवर तळवा फिरवला. 

“आमच्याकडे डोंगरात पिवळ्या फुलांचं झुडूप असतं,” तो म्हणाला. “त्याच्या काड्यांच्या विणायच्या. आजीच्या होत्या. रात्रभर टोचायच्या.”

“ह्याही टोचतात. पहिली वीस वर्षं.”

तो हसला. शिपायानं वरची चादर उचलली, आणि तिच्याखाली, घडीच्या बरोबर मध्यावर, सुतळीनं बांधलेली जुडी होती. करडी-हिरवी, वाळलेली, माथ्याकडे तपकिरी. दुसऱ्या चादरीखाली दुसरी.

“हे काय?”

“कसर लागू नये म्हणून. फेकण्यातलेच चार आई ठेवायची, तिची आई ठेवायची. ह्याच्या वासाला किडा येत नाही. दर शरदात जुने काढायचे, नवे ठेवायचे.”

“आणले कुठून?”

“कुठून म्हणजे? वखारीतून. माझ्या घरची वखार, माझ्या घरची पेटी. कुठून आणले म्हणे!”

“काकू,” फौजदार हळू म्हणाला, “जरा थांबा. आता बोलू नका.”

तेव्हा तिनं दाराकडे पाहिलं. लोरिस चौकटीला टेकून उभा होता. तो पेटीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

आणि मग तिला कळलं. आठ शरदांत तिनं दर वेळी कवेत मावतील एवढे तुरे उचलून आणले होते, कोणाला न विचारता, कारण विचारायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. पोत्यात भरतात तो माल. पेटीत ठेवतात ते घरातलं. लोरिस ‘घरात काही शिल्लक नाही’ असं वाचून सही करत होता, तेव्हा तिच्या मनात ह्या जुड्या आल्याच नाहीत. मीठ, साबण, झाडू आले नाहीत, तशाच.

*

खाली स्वयंपाकघरात अकरा जुड्या टेबलावर ठेवल्या. शिपायांचा काटा गाडीत चालू होईना, म्हणून आर्जियाच्या पिठाच्या काट्यावर वजन केलं. एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम. जुड्यांना खालून थोडं पीठ लागलं.

फौजदार खुर्चीवर बसला, कागद पुढ्यात घेतला, आणि लिहिलं काहीच नाही.

“हे तुमचं असेल,” तो लोरिसला म्हणाला, “तर तुम्ही सही केलेला कागद खोटा ठरतो. मग दोन गोष्टी होतात, माल ठेवल्याची एक आणि खोटं लिहून दिल्याची एक. काकूंचं असेल, तर काकूंवर जातं. फेराराला कोर्टात जावं लागेल. मला हे बघितलं नाही असंही करता येत नाही. दोन माणसं सोबत आहेत.” त्यानं टोपणाशी चाळा केला. “आता मी लिहू कसं, ते मला समजत नाही.”

“माझं लिहा,” आर्जिया म्हणाली, आणि पेनासाठी हात पुढे केला. “मी आणले, मी ठेवले. कुठे सही करायची ते दाखवा.”

“तिला कळत नाही,” लोरिस म्हणाला.

घरात कोणीतरी परकं बोलल्यासारखं झालं. एप्रिलपासून त्याचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता. तो काट्याच्या तबकडीकडे बघत होता.

“आईला हल्ली कळत नाही. वस्तू उचलते, कुठेतरी ठेवते. आम्हाला ठाऊक नव्हतं. तसं लिहा.”

आर्जियाचा हात तसाच पुढे राहिला. फौजदारानं तिच्याकडे पाहिलं, मग लोरिसकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“तसं लिहायचं तर मला एक-दोन प्रश्न विचारावे लागतील,” तो म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. “काकू, आज वार कोणता?”

तिच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं, मोठ्या लाल अक्षरांत. टेबलावर सोललेले वाटाणे होते, आणि वाटाणे मंगळवारचे. तिला वार ठाऊक होता, तारीख ठाऊक होती, कोणत्या संताचा दिवस आहे तेही ठाऊक होतं. फौजदाराला तिच्या डोक्यावरून कॅलेंडर दिसत होतं.

तिनं लोरिसकडे पाहिलं. तो काट्याकडे बघत होता. काटा केव्हाच स्थिर झाला होता.

“रविवार,” आर्जिया म्हणाली.

फौजदारानं लिहून घेतलं. आणखी काही विचारलं नाही. त्यानं बराच वेळ लिहिलं, कागद फिरवला आणि लोरिसपुढे सरकवला. लोरिसनं सही केली. आर्जियानं पुढे केलेला हात अजून टेबलावरच होता.

“आणि माझी?”

“तुमची लागत नाही, काकू.”

जाताना तो दारात थांबला. “वरच्या साहेबांकडे जाईल हे, तिथंच खणात पडून राहील. काळजी करू नका.” मग टोपी घालता घालता, काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाला, “पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवा.”

ती परत वाटाणे सोलायला बसली. दोन शेंगा सोलल्यावर तिच्या लक्षात आलं, की टरफलं भांड्यात जातायत आणि दाणे खाली.

संध्याकाळी मिर्ना आली, तिला सगळं कळलं. ती लोरिसवर वखारीत जाऊन ओरडली, आणि परत येऊन सासूजवळ बसली.

“आई, त्यानं तुमच्यासाठीच केलं हो. तुम्हाला कोर्टात ओढलं असतं.”

“कोणासाठी केलं ते मला कळत नाही,” आर्जिया म्हणाली. “कागदावर लिहिलंय तसं.”

*

ठाण्यात टंकलेखन करणाऱ्या मुलीची मावशी रविवारी गावच्या क्लबात पत्ते खेळायला येत असे. त्यामुळे आर्जिया पोचायच्या आधीच कागद तिथं पोचला होता.

 सगळ्यांनी तिला खुर्ची ओढून दिली. ब्रिस्कोलाचा डाव मांडला. तीस वर्षं त्या टेबलावरचे गुण आर्जिया मोजायची, तोंडी, दुसऱ्याचं पान पडायच्या आत. त्या दिवशी पहिला डाव संपला, आणि तिनं पत्ते ओढले, तर झेलिंदानं त्यावर हात ठेवला.

“राहू दे गं. मी मोजते आज.”

“तुला सातापुढे बोटं लागतात.”

“असू दे. तू आराम कर.”

झेलिंदा मोठ्यानं आणि सावकाश बोलत होती, शेत ओलांडून हाक मारावी तशी. आर्जियानं पत्ते सोडून दिले. मग पूर्वी जसं बोलायची तसंच बोलली. “झेलिंदा, गुडघ्याची बाटली अजून संत अंतोनीच्या तसबिरीमागेच आहे ना? की त्यांनीही आता कागदावर सही करून दिलीय?”

असलं काही ती पूर्वी बोलली, की टेबल गार पडायचं. झेलिंदा आठवडाभर तोंड फिरवून बसायची. एकदा तर ह्याहून साध्या बोलण्यावरून ती सबंध उन्हाळा दुसऱ्या टेबलावर खेळली होती.

त्या दिवशी सगळ्या हसल्या. मनापासून, मायेनं हसल्या.

“बघा बाई, जीभ कशी शाबूत आहे अजून!” टंकलेखन करणाऱ्या मुलीची मावशी म्हणाली. आणि झेलिंदानं आर्जियाचा हात थोपटला.

आर्जियानं त्या हाताकडे पाहिलं. रागावं, असं तिच्या मनात आलं, पण राग आला नाही. दुपारपर्यंत ओले भारे ओढल्यावर बोटांचं व्हायचं तसं झालं होतं. तो हात आपला वाटत नव्हता. तिनं उरलेले तीन डाव खेळले. दोन जिंकली. गुण झेलिंदानं चुकीचे मोजले. आर्जियानं ते तसेच राहू दिले.

*

सोमवारी तिनं पेटी रिकामी केली. शिपायांचे हात लागले होते, कुत्रीचं नाक लागलं होतं. अकराच्या अकरा चादरी तिनं धुवायला काढल्या. मिर्ना म्हणाली, मशीनमध्ये दोन-दोन टाकू. पण भांगेची ओली चादर म्हणजे गाभण मेंढीइतकी जड, मशीन धडधडून चालत चालत भिंतीपाशी गेलं. शेवटी दोघींनी अंगणातल्या दगडी टाकीत धुतल्या. मिर्ना भिजून चिंब झाली आणि आर्जियाच्या नावानं पुटपुटत कामावर गेली. दुपारी आभाळ भरून आलं.

अंगणातल्या दोऱ्या उपयोगाच्या नव्हत्या. आर्जियानं इकडेतिकडे पाहिलं, मग हातगाडीत चादरी घातल्या आणि वखारीत गेली.

लोरिस खुर्चीवर होता, पंखे चालू होते. तिनं त्याला काही विचारलं नाही. एक-एक चादर उचलून तुऱ्यांच्या तारांवर टाकत गेली. तिसऱ्या चादरीला तिचे हात वर जाईनात. लोरिस उठला. उरलेल्या त्यानं टाकल्या.  वखार पांढरी झाली. पंख्यांच्या वाऱ्यानं चादरी थोड्या थोड्या हलत होत्या, आणि भिंतीवरच्या खिळ्यांवर चिठ्ठ्यांचे गठ्ठे फडफडत होते.

मंगळवारी सकाळी कॅलेंडरचं पान फाडून, कॉफी पिऊन ती परत गेली. चादरी खडखडीत वाळल्या होत्या. पंखे चालूच होते. लोरिस खुर्चीवर होता, पहाटेच आला असावा.

“बंद कर ते. आणि इकडे ये. हे एकटीनं होत नाही.”

भांगेच्या चादरीची घडी एका माणसानं घालता येत नाही. दोन टोकांना दोघं उभे राहतात, चार कोपरे चार हातांत, आणि ताठ ओढतात, मागे रेलून, सगळं वजन टाकून, म्हणजे सुरकुत्या जातात. मग दुमड, पुन्हा ओढ. मग एकानं आपलं टोक घेऊन चालत दुसऱ्याकडे यायचं आणि कोपरे त्याच्या हातात द्यायचे. लोरिस सात वर्षांचा होता तेव्हा ह्याच चादरी तो तिच्यासमोर धरायचा, आणि ती ओढायची तेव्हा ओढीबरोबर घसरत यायचा नि खिदळायचा.

पंखे थांबल्यावर वखारीत फारच शांत झालं. त्यांनी पहिली घातली. दुसरी, तिसरी. लोरिस ओढायचा, दुमडायचा, चालत यायचा, कोपरे द्यायचा, खाली बघत परत जायचा. दहा वेळा तो आला. दहा वेळा त्याच्या कपाळाचा वरचा भाग तिला दिसला, तिथले केस आता आदेल्मोसारखेच विरळ झालेले.

अकराव्या चादरीला तो आला, कोपरे पुढे केले. तिनं ते घेतले, पण त्याची बोटंही घेतली, चादरीसकट. चादर दोघांच्या मधे लोंबत राहिली. तो थांबला. थोड्या वेळानं, दुसरं काही करता येईना म्हणून, त्यानं मान वर केली.

“हं,” आर्जिया म्हणाली. “आज मंगळवार.”

त्यानं बोटं सोडवून घेतली नाहीत.

“तू लिहून दिलंस, त्याचं मला काही नाही, लोरिस. तुझ्या जागी मी असते, तर मीही लिहून दिलं असतं. पण मी आईच्या तोंडाकडे बघून दिलं असतं.”